आम्ही खालील सह्या करणारे

आमच्या कॉलनीत नळाला पाणी कमी आलं की लोक आधी प्लंबरला बोलावतात आणि मग माझ्याकडे येतात. मी अर्ज लिहितो. मनमाडला रेल्वेच्या कचेरीत कारकून होतो, नाशिकहून रोज गाडीने जाऊन-येऊन नोकरी केली आणि निवृत्त होऊन आता सहा वर्षं झाली. पण कॉलनीचे अर्ज त्याच्या कितीतरी आधीपासून माझ्या गळ्यात आहेत. एकदा कुणीतरी माझं अक्षर पाहिलं, 'काय सुंदर अक्षर आहे हो' म्हटलं, आणि मी फसलो. अक्षराची स्तुती केली की मी अजूनही फसतो.

अर्जाची एक रीत असते. वर उजवीकडे दिनांक, डावीकडे 'प्रति', मग विषय, आणि विषयाच्या शेवटी 'बाबत' हा शब्द आलाच पाहिजे. हल्ली मुलं मोबाइलवर टाइप करून अर्ज पाठवतात, त्यात 'बाबत' नसतो, 'आपला विश्वासू' नसतो, खाली हात जोडल्याचं चित्र तेवढं असतं. मला असे अर्ज बघवत नाहीत. 'महोदय' झाल्यावर माझं सगळ्यात आवडतं वाक्य येतं: 'आम्ही खालील सह्या करणारे नागरिक आपणांस विनंतीपूर्वक कळवू इच्छितो की...' हे वाक्य लिहिताना माझी मान आपोआप ताठ होते. जेवणाच्या टेबलाशी बनियन घालून एकटा म्हातारा बसलेला असतो, पण कागदावर दोनशे माणसं उभी राहतात.

या वाक्याचं मला इतकं अप्रूप का, हे सांगायला हवं. माझे वडील मनमाड स्टेशनात हमाली करायचे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. कुठलाही कागद आला की समोरचा माणूस बोट ठेवून 'इथे' म्हणायचा आणि वडील तिथे अंगठा लावायचे. कागदावर काय आहे ते त्यांना कुणी वाचून दाखवत नसे आणि तेही विचारत नसत. घरी आले की आधी न्हाणीच्या दगडावर अंगठा घासत बसायचे, शाई जाईपर्यंत. ते घासणं मी लहानपणी इतक्या वेळा पाहिलं की पाटीवर सगळ्यात आधी मी माझी सही गिरवली, मुळाक्षरं नंतर.

तर अर्ज लिहायचा, संध्याकाळी घरोघर फिरून सह्या घ्यायच्या, रविवारी विहारात वंदना झाली की राहिलेल्यांना तिथेच गाठायचं आणि सोमवारी विभागीय कार्यालयाच्या आवक खिडकीवर नेऊन द्यायचा. तिथे आपल्याकडच्या प्रतीवर गोल शिक्का मारून देतात. त्याला पोच म्हणतात. माझ्याकडे हिरव्या फायलीत एवढ्या वर्षांच्या सगळ्या पोचा लावलेल्या आहेत. बायको म्हणते, "यांना पोच मिळाली की काम झाल्यासारखंच वाटतं. गटार तुंबलेलं असलं तरी झोप छान लागते."

ती म्हणते ते खरं होतं. काही कामं होत, काही होत नसत, आणि जी होत ती माझ्या अर्जामुळे होत की आपोआप, हे मला कधी कळलं नाही. त्यामुळे मी एक भाषण तयार केलं होतं. सकाळी फिरून आल्यावर कोपऱ्यावरच्या चहाच्या गाडीपाशी आम्ही चारपाच निवृत्त उभे राहायचो आणि कुणी विषय काढला की माझं भाषण सुरू व्हायचं. आमच्या प्रभागाला चार नगरसेवक. एकाला खांबावरच्या दिव्याचं विचारावं तर तो म्हणतो हा रस्ता त्यांच्याकडे, त्यांना विचारावं तर ते म्हणतात दिवे यांच्याकडे. चार खांद्यांवर एक पालखी, आणि प्रत्येकाला वाटतं उचलणारे बाकीचे तिघे आहेत. मधली काही वर्षं तर निवडणूकच झाली नाही, प्रशासक होते. तेव्हा माझं भाषण आणखी सोपं झालं. "आपल्या वतीने बोलणारं कुणीच नाही," मी म्हणायचो. "बोटाला एकदा शाई लावली की आपला संबंध संपला. तुम्हाला कोण विचारतं? मला कोण विचारतं?" चहावाला मान हलवायचा आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळायचा.

त्याच चौकात, करंजाच्या झाडाखाली, रस्त्याच्या कडेला पुरलेल्या दगडाच्या पुढे, फुलवाल्या ताई बसायच्या. कॉलनीच्या मागे नाल्याच्या पलीकडे अजून थोडे मळे शिल्लक आहेत, त्यातला एक त्यांचा. त्या, त्यांचा नवरा आणि सासू मिळून झेंडू, शेवंती, जोडीला मेथी, शेपू पिकवतात. वय पंचेचाळीसच्या आसपास. सकाळी सातला पाट्या मांडायच्या, दुपारी घरी जायच्या, संध्याकाळी पुन्हा यायच्या. त्यांच्यामुळे आणखी पाचसहा जणी तिथे बसायला लागल्या. विहारात रविवारी लागणारी पांढरी शेवंतीही त्यांच्याकडूनच यायची, वेगळी बांधून, ओल्या फडक्यात. कॉलनीतल्या कुठल्याही अर्जावर त्यांची सही असायचीच, कारण मळा आमच्याच प्रभागात येतो आणि त्यांची सही मला मिळाली की बाकी पाचसहा जणींचीही मिळायची.

त्या वर्षी गणपतीच्या दिवसांत मी एक मोठा अर्ज लिहिला. मागण्या पाच होत्या. एका अर्जात पाच मागण्या घालाव्यात, म्हणजे निदान एक तरी पदरात पडते, हा माझा अनुभवाचा हिशोब. पहिली मागणी चौकातल्या बंद दिव्याची, कारण संध्याकाळी तिथे अंधार असायचा. मग गटारावरचं झाकण, गतिरोधक, आणि पाचवी कचऱ्याच्या गाडीची वेळ. चौथी मागणी माझी नव्हती. ती आमच्या गल्लीच्या टोकाला नव्या इमारतीत राहणाऱ्या एका तरुणाने सांगितली. अंबडच्या एका कारखान्यात तो इंजिनिअर आहे. त्याच्या मुलीच्या शाळेची व्हॅन चौकात वळत नाही, मुलं भर रस्त्यात उभी राहून चढतात, आणि हे सगळं त्या पाट्यांमुळे होतं, असं त्याचं म्हणणं. तो अगदी नम्रपणे बोलला. त्यातही "काका, तुमच्यासारखं कुणाला लिहिता येत नाही," असं म्हणाला. झालं. मी लिहिलं: 'चौकातील भाजी व फूल विक्रेत्यांचे अतिक्रमण तातडीने हटवून रस्ता रहदारीसाठी मोकळा करावा.' वाक्य मला आवडलंही. 'तातडीने' हा शब्द मी नंतर घातला, लय चांगली होते म्हणून.

त्या संध्याकाळी सह्या घेत घेत मी चौकात आलो. ताईंनी हात लुगड्याला पुसले आणि पेन घेतलं.

"कशाचा हाय, काका?"

"दिव्याचा," मी म्हणालो.

इथे मला थांबायला हवं. त्या क्षणी मला चौथी मागणी आठवली का? आठवली. लपवून काय उपयोग. ती आठवली आणि तिच्या मागोमाग दुसरा विचार आला की कुठे काय होतंय, आपल्या अर्जांनी कधी काय झालंय, सगळं समजावत बसलो तर अंधार पडेल आणि राहिलेली पंधरा घरं तशीच राहतील. मी कागदावर बोट ठेवलं आणि म्हणालो, "इथे." दरवेळी त्यांच्यासाठी सोडलेल्या नऊ नंबरवर त्यांनी सही केली. मग हाक मारून बाकीच्या जणींनाही बोलावलं. "काकांचा अर्ज हाय, दिव्याचा. करा गं सह्या."

पितृपक्ष संपत आला आणि एका सकाळी महापालिकेची अतिक्रमणाची गाडी आली. मी घरातच होतो. गलका ऐकून बाहेर आलो तेव्हा गाडी वळून निघालेली होती. चौक स्वच्छ आणि मोठा दिसत होता. करंजाच्या बुंध्याशी झेंडूची चारदोन फुलं आणि मेथीची एक चिरडलेली जुडी पडली होती. दिवा तसाच बंद, गटाराला झाकण नाही. पाच मागण्यांतली बरोबर चौथी मंजूर झाली होती, आणि तीही तातडीने.

दुपारी ताई माझ्या दारात आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. आत या म्हटलं तर आल्या नाहीत, पायरीवरच टेकल्या. बायकोने पाणी दिलं.

"काका, आमाला उठवलं," त्या म्हणाल्या. "पाट्या नेल्या, काटा नेला, छत्री नेली. परत यायचं नाय म्हनले. कोनी तरी अर्ज केला म्हनत्यात. आता तुमी आमचा अर्ज लिवा. दसऱ्याचा झेंडू उभा हाय वावरात. एवढ्यासाठी वर्षभर राबतो आमी. फूल थांबत नाय हो. आज फुललं, दोन दिसांनी काळं पडतं. बाजारात न्यायचं तर तिथं गाड्याच्या गाड्या येत्यात, कोन इचारतं आमच्या चार पाट्यांना? इथं मला मानसं वळखत्यात."

म्हणजे त्यांना माहीत नव्हतं. त्या माझ्याकडे मदतीला आल्या होत्या.

मी कागद घेतला. सवयीने दिनांक घातला, प्रति घातलं, विषय घातला, 'बाबत'ने संपवला. महोदय. मग 'आम्ही खालील' एवढं लिहिलं आणि हात पुढे जाईना.  शेवटी पेन खाली ठेवलं.

"ताई," मी म्हणालो, "तो अर्ज मी लिहिला होता."

"कोनता?"

"ज्याने तुम्हाला उठवलं तो. दिव्याचा. त्यात आणखी मागण्या होत्या. तुमची सही त्यावरच आहे."

बायको दारात उभी होती, ती आत गेली. ताई स्वतःच्या हातांकडे बघत राहिल्या. फुलांच्या देठांनी त्यांची नखं काळी झालेली असतात. मग त्या म्हणाल्या, "दिव्याचा म्हनला होता तुमी."

"दिव्याचाही होता."

"वाचा."

मी हिरवी फाइल आणली आणि त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती माझ्याकडे परत सरकवली. "मला येतं वाचायला. सातवी झालीये माझी. तवा वाचला नाय, कारन तुमी आनला होता. आता तुमच्या तोंडून ऐकू द्या."

मी वाचलं. माझंच वाक्य, माझ्याच सुंदर अक्षरातलं. 'तातडीने' शब्दापाशी जीभ अडखळली. आजपर्यंत अनेकांनी मला फैलावर घेतलं असेल, साहेबांनी, गाडी चुकल्यावर प्रवाशांनीसुद्धा. पण त्या पायरीवर मला जेवढी लाज वाटली तेवढी कधी वाटली नव्हती. वडिलांचा तो दगडावर घासला जाणारा अंगठा मला दिसत होता, आणि बोट ठेवून 'इथे' म्हणणारा माणूस मीच होतो.

ताई ओरडल्या नाहीत. उठताना त्यांनी फक्त एक विचारलं. "माझी सही मला काढून घेता येती का?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. 

दुसऱ्या दिवशी आवक खिडकी उघडायच्या आधीच मी कार्यालयात हजर होतो. खिडकीवरच्या मॅडम मला चांगल्या ओळखतात, माझं अक्षरही ओळखतात. "काका, या वेळी तुमचं काम झालं ना?" त्या हसून म्हणाल्या. मी म्हटलं, झालं, तेच परत घ्यायला आलोय. सगळं सांगितलं. त्यांनी नोंदवही पाहिली, आत जाऊन कागद आणला, सह्यांचं पान उलटलं आणि माझ्यापुढे धरलं.

"अहो, म्हणून तर लवकर झालं," त्या म्हणाल्या. "एरवी विक्रेत्यांना हटवायचं म्हटलं की त्यांचा उलटा अर्ज येतो, मग दोन्ही बाजू ऐका, पाहणी करा. या अर्जात विक्रेत्यांच्याच सह्या होत्या. पत्त्यासमोर तुम्हीच लिहिलंय, 'फूल व्यवसाय'. साहेब म्हणाले, यांची स्वतःचीच संमती आहे, मग थांबायचं कशाला?"

मी बाकावर बसलो. एवढी वर्षं मी चहाच्या गाडीपाशी सांगत होतो की आपलं कुणी ऐकत नाही. आणि इथे खिडकीच्या आत कुणीतरी माझा अर्ज नीट, शब्द न् शब्द वाचला होता. सहीसमोरचा व्यवसायसुद्धा वाचला होता. सही करणारीला जे मी सांगितलं नव्हतं, ते तिच्या नावावर त्यांनी खरं धरलं. यात त्यांचं काय चुकलं? मला कुणी निवडून दिलेलं नव्हतं, माझ्यासाठी कुणी बोटाला शाई लावली नव्हती, तरी दोनशे माणसांच्या वतीने मी बोललो होतो. आणि बोलताना मला खात्री होती की ऐकणारं कुणी नाही, म्हणून मी तोंडाला येईल ते बोललो. आमचे चार नगरसेवक निदान निवडणुकीआधी एकदा दारात येऊन उभे राहतात.

"सही काढून घेता येते का?" मी विचारलं.

मॅडमनी विचार केला. "तसं आजवर कुणी मागितलेलं नाही. पण नवीन अर्ज द्या. आधी सह्या करणाऱ्यांनीच सांगितलं की आमचं म्हणणं आता असं आहे, तर साहेबांपुढे ठेवता येईल. रस्ता सोडून आतल्या बाजूला बसायला रहिवाशांची हरकत नसेल तर मार्ग निघतो. पण लवकर आणा."

मी तसाच ताईंच्या मळ्यात गेलो. कॉलनीपासून चालत दहा मिनिटं, पण तिथे मी कधी गेलो नव्हतो. नाल्यावरची फरशी ओलांडली आणि समोर झेंडू. बांधापर्यंत नुसता पिवळा आणि केशरी. सासूबाई वाकून खुडत होत्या, नवरा विहिरीवर होता. ताई ओळीत उभ्या राहिल्या आणि मी बोलत असताना ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "लिवा. पन या वक्ताला चौकात वाचायचा. सगळ्यांम्होरं. ज्यानं ऐकला त्यानंच सही करायची. घरी जाऊन कोनाची घ्यायची नाय."

"इतके लोक कुठे जमणार?"

"जमतील तेवढे जमतील."

रविवारी वंदना झाल्यावर आम्ही चौकात जमलो. घट बसले होते, दसरा आठवड्यावर आला होता. पन्नासएक माणसं असतील. इंजिनिअर मुलीला घेऊन आला होता आणि त्याचा चेहरा फुगलेला होता. मी चहाच्या गाडीशेजारी उभा राहिलो आणि आधी जुना अर्ज वाचला, पाचही मागण्यांसकट. गर्दीत चुळबुळ झाली. निम्म्या लोकांनी चौथी मागणी पहिल्यांदा ऐकली होती आणि त्यांच्या सह्या त्याखाली होत्या. "हे आम्ही म्हटलं होतं?" कुणीतरी विचारलं. मी म्हटलं, नाही, मी म्हटलं होतं, तुमच्या नावाने.

मग नवा अर्ज वाचला. तो मी आदल्या दिवशी खपून लिहिला होता. 'उपजीविकेचे साधन', 'सहानुभूतिपूर्वक विचार', सगळं होतं. ताईंनी दुसऱ्याच वाक्याला हात वर केला. "काका, आमी दया मागत नाय. कुठं बसू ते सांगतो आमी. झाडाच्या आत, दगडाच्या मागं. तसं लिवा."

मी खोडलं आणि लिहिलं. इंजिनिअर म्हणाला, "आणि व्हॅनचं काय? माझी मुलगी रस्त्यात उभी असते, ते कुणी ऐकणार आहे का?" ताईंनी मुलीकडे पाहिलं. व्हॅन किती वाजता येते ते विचारलं. सव्वासात. मग म्हणाल्या, व्हॅन जाईपर्यंत आम्ही पाट्या मांडणार नाही, आणि पोरांनी दगडाच्या आत आमच्याजवळ उभं राहायचं, रस्त्यात नाही.  तो म्हणाला, हे कागदावर येऊ दे. आलं. कुणी म्हणालं कचरा त्यांनीच उचलावा. आलं. बाकीच्या जणींपैकी एक म्हणाली, पावसाळ्यात आम्हाला छत्री लावू द्या. त्यावर वाद झाला आणि छत्री मिळाली, पण एकच, मोठी. माझ्या सुरेख अर्जावर बाण, खाडाखोड आणि समासातल्या ओळी यांचं रान माजलं. लय तर कधीच गेली होती. असा कुरूप कागद मी आयुष्यात लिहिला नव्हता. पुन्हा नीट उतरवून काढतो म्हटलं तर ताई म्हणाल्या, "नको. ऐकलेला हाच हाय."

सह्या झाल्या एकेचाळीस. काही जण पटलं नाही म्हणून सही न करता गेले, एक जण गतिरोधकावरून माझ्याशी भांडला. माझ्या अर्जाला दोनशेच्या खाली सह्या कधी नसत. सोमवारी खिडकीवर तो कागद देताना मला आधी संकोच वाटला. मॅडमनी तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "हे काय, काका?" मी म्हटलं, "या वेळी सगळ्यांनी लिहिलाय."

बुधवारी साहेब स्वतः चौकात आले. दगडाच्या आतली जागा पाहिली, व्हॅन कुठे थांबते ते विचारलं, आणि कायमचा निर्णय होईपर्यंत तिथे बसायला हरकत नाही असं सांगून गेले. गुरुवारी पाट्या परत मिळाल्या, शुक्रवारी झेंडू चौकात आला. दसऱ्याच्या सकाळी करंजाखाली नुसती गर्दी होती. त्या दिवशी आमच्या विहारातही सजावट असते, मी फुलं आणायला गेलो. ताईंनी शेवंती मोजून दिली, पैसे घेतले, सुटे परत केले. पूर्वी त्या विहारासाठी मूठभर जास्त टाकायच्या. त्या दिवशी टाकली नाहीत. मला ते रास्तच वाटलं. पुढे महिन्याभराने एकदा मूठभर जास्त पडली, तेव्हा मी घरी येऊन बायकोला सांगितलं. "पोच मिळाली म्हणा की," ती म्हणाली.

चहाच्या गाडीपाशी माझं भाषण आता बंद आहे. म्हणजे अगदी बंद नाही, पण लहान झालंय आणि मध्येच मला हसू येतं. चार नगरसेवकांचं अजून तसंच चालतं. पण मी आता चांगला सुखात आहे. अर्ज लिहितो, रविवारी चौकात वाचतो, लोक खाडाखोड करतात, चहा होतो. सह्या चाळीसपन्नासच्या वर जात नाहीत. मला त्याचं काही वाटत नाही.

चौकातला दिवा मात्र अजून बंदच होता. या उन्हाळ्यात त्याच्यासाठी पुन्हा अर्ज लिहिला. मागण्या फक्त दोन. दिवा लावावा, आणि दिव्याच्या आड येणाऱ्या करंजाच्या फांद्या छाटाव्यात. चौकात वाचला. सगळ्यांनी माना हलवल्या. मी सवयीने नऊ नंबर ताईंसाठी सोडला आणि पेन पुढे केलं. त्यांनी ते घेतलं नाही.

"फांद्या छाटल्या तर ऊन येतं माझ्यावर. मी दिसभर तिथं बसती."

पुन्हा मी विचार केला नव्हता. मी लगेच म्हटलं, "काढून टाकतो ती मागणी."

"काढू नका," त्या म्हणाल्या. "मानसं अंधारात ठेचकाळत्यात, ते खरं हाय. त्यांना उजेड होवू द्या. मला पटत नाय, म्हनून माझी सही नाय. एवढंच."

सोमवारी मी अर्ज खिडकीवर दिला. मॅडमनी शिक्का उचलला, सह्यांवरून बोट फिरवलं आणि मध्येच थांबल्या. "काका, नऊ नंबरला जागा रिकामी आहे. सही राहिली का?"

"राहिली नाही," मी म्हणालो. "त्यांनी नाही म्हटलंय."

 मॅडमनी त्या रिकाम्या जागेसमोर पेन्सिलीने बारीक अक्षरात 'हरकत' असं लिहिलं आणि शिक्का मारला.